आधी फोन, मग आकडा

पडद्यावरचा बारा वाजताचा रकाना रिकामा होता आणि रणवरे साहेब माझं कौतुक करत होते.

"बाई, हे फार चांगलं केलंत. मी मुख्यालयात खुर्चीत बसून तुमची नदी बघतो. काय बेलसरे?"

"सगळं श्रेय मॅडमचं आहे, सर," असं म्हणून बेलसरे साहेबांनी काजूची बशी पुढे सरकवली. दीड महिन्यापूर्वी हाच माणूस माझा तक्ता बंद करायला निघाला होता, हे त्या बशीकडे बघून कुणाला खरं वाटलं नसतं.

वेळगावच्या आमच्या कार्यालयातला हॉल. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, भर दुपार, बाहेर लख्ख ऊन. रणवरे साहेब आमचे मुख्य अभियंता, बेलसरे साहेब कार्यकारी अभियंता, आणि मी वसुधा निमकर, शाखा अभियंता. नोकरीला चार वर्षं झालेली आणि अंगात भलताच उत्साह. त्या उत्साहाचंच प्रदर्शन चाललं होतं.

माझा तक्ता साधा होता. बोरणा नदीच्या पाण्याची उंची दर तासाला जो मोजतो, त्याने ती आपल्या मोबाइलवरून त्यात भरायची. भरली की त्याच क्षणी ती सगळ्यांना दिसायची. मोजणाऱ्याला, खाली बंधाऱ्यावरच्या माणसाला, मला, साहेबांना आणि साहेबांच्या साहेबांनाही. यात हुशारीचं काही नव्हतं. पण आमच्या खात्यात कागद जिना चढत जातो. एकेका पायरीवर थांबतो, सही घेतो, मग वरच्या पायरीवर जातो. सगळ्यांनी एकच कागद एकाच वेळी बघायचा, ही गोष्ट आमच्याकडे कुणी ऐकलेलीसुद्धा नव्हती.

नदी डोंगरातून येते. वर आंबेशेतला पूल आहे, त्याच्या खांबावर मोजपट्टी रंगवलेली आहे. तिथे धोंडिबा कोकरे बसायचे. तिथून अठरा किलोमीटर खाली, वेळगावच्या अलीकडे, सोनारवाडीचा बंधारा. तिथे इब्राहिम मुजावर. पावसाळा संपला की बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवायचं, हे दर वर्षीचं काम. फळ्या बसवायला माणसांना पाण्यात उतरावं लागतं. त्या दिवशी मुजावरचाचांच्या हाताखाली सहा माणसं पाण्यात होती आणि वर डोंगरात परतीचा पाऊस घोंगावत होता. आंबेशेतला पाणी चढलं की तासा-सव्वातासात ते बंधाऱ्यावर पोचतं. तेवढा वेळ पुरेसा असतो, फक्त बातमी वेळेवर मिळाली पाहिजे.

अकराच्या रकान्यात आकडा होता, एक मीटर वीस. बाराचा रकाना रिकामा.

"हा रिकामा का?" रणवरे साहेबांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

"पाण्यात बदल नसेल तर भरत नाहीत, सर. रिकामा म्हणजे वाढ नाही."

"वा! म्हणजे उगाच काम नाही वाढवलंत." ते खूश झाले.

ही सवलत मीच दिली होती. जुलैत तक्ता सुरू केला तेव्हा कोकरे आठ दिवसांत वैतागले. "मॅडम, चार चार तास पाणी हाय तितंच असतंय. तोच आकडा किती वेळा दाबायचा? माझं बोट मोठं, बटण बारीक. वर वहीतबी लिवायचंच हाय." वही बंद करायला ते तयार नव्हते, कारण वहीवर शिक्का असतो आणि मोबाइलवर नसतो. दोन्हीकडे लिहायचं म्हटल्यावर माणूस कशाला उत्साहाने भरेल? मी म्हटलं, ठीक आहे मामा, बदल झाला तरच भरा. तेवढ्यावर ते राजी झाले आणि मी गड जिंकल्यासारखी घरी गेले.

मुजावरचाचांना राजी करणं अधिक अवघड होतं. गेली नऊ वर्षं पावसाळ्यात ते आणि कोकरे दर तासाला एकमेकांना फोन करत. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. एकमेकांना पाव्हणं म्हणत. एका आकड्यासाठी वीस मिनिटं बोलणं चाले. शेळ्या व्यायल्या का, गुडघा कसा आहे, धाकटीचं जमलं का, आणि मग शेवटी, हां, पाणी एक वीस. मी एकदा बंधाऱ्यावर उभं राहून हे सगळं ऐकलं होतं आणि हसू आवरलं नव्हतं.

"चाचा, आता याची गरज नाही," मी त्यांना तक्ता दाखवला. "आकडा इथे येतो. कोकऱ्यांना फोन करायचा नाही, त्यांनी तुम्हाला करायचा नाही. नुसतं बघायचं."

"आन् नाय आला तर?"

"नाही आला म्हणजे वाढ नाही."

त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. "मॅडम, ह्यात पाव्हणं बोलत न्हाईत."

"बोलायचं कशाला? आकडा महत्त्वाचा."

दोन आठवडे ते चोरून फोन करतच राहिले. मी रागावले. मग एक दिवस, ऑगस्टच्या सुरुवातीला, तक्त्यावर आकडा बघून त्यांनी पाणी यायच्या पंचवीस मिनिटं आधी बंधाऱ्यावरून गुरं हलवली आणि मला स्वतः फोन केला. "मॅडम, आपला विश्वास बसला. आता फोन बंद." मला एवढा आनंद झाला की मी कार्यालयात पेढे वाटले.

आणि आता हॉलमध्ये मी पडद्याकडे बघत होते. बारा वाजून बारा मिनिटं झाली होती.

रणवरे साहेबांच्या शेजारी बेलसरे साहेबांचा मोबाइल टेबलावर ठेवलेला होता, आवाज बंद करून. तो उजळला. मी जिथे उभी होते तिथून पडदा स्वच्छ दिसत होता आणि मोबाइलसुद्धा. अक्षरं होती, कोकरे आंबेशेत. साहेबांनी बघितलं, बोटाने फोन कापला आणि पुन्हा हसऱ्या चेहऱ्याने वर बघितलं.

मी पडद्यावरच्या रिकाम्या रकान्याकडे पुन्हा बघितलं.

कारण एक नियम अजून होता. तो रणवरे साहेबांना माहीत नव्हता, पडद्यावर दिसत नव्हता, पण आम्हा तिघांना, म्हणजे बेलसरे साहेबांना, कोकऱ्यांना आणि मला, चांगला ठाऊक होता. ऑगस्टच्या शेवटी कोकऱ्यांच्या जाड बोटाने एक पूर्णांक दोनच्या जागी बारा भरले. बारा मीटर! आंबेशेतचा पूलच मुळी आठ मीटर उंच. तो आकडा मुख्यालयात कुणीतरी पाहिला आणि रणवरे साहेबांनी भर बैठकीत, वीस अधिकाऱ्यांसमोर, बेलसरे साहेबांना फोन लावून विचारलं, "बेलसरे, तुमच्या नदीला महापूर आलाय, तुम्हाला पत्ता आहे का?" साहेब त्या वेळी दाढीच्या दुकानात होते, अर्धा गाल साबणात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"निमकर, सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी. माझ्या नदीची बातमी मला वरून कळावी, असं आजवर कधी घडलं नव्हतं. साहेबाला माझ्या आधी कळलं, तर मी इथे कशाला बसलोय?"

"सर, चूक टायपिंगची होती. दुरुस्त केली पाच मिनिटांत."

"त्या पाच मिनिटांत माझी इज्जत गेली. हा तक्ता बंद करा."

मी विनवण्या केल्या. शेवटी ते म्हणाले, "बरं, चालू ठेवा. पण आकडा आधी मला फोनवर सांगायचा. मी हो म्हटलं की मग भरायचा. आधी फोन, मग आकडा. आणि परस्पर कुणाला कळवायचं नाही."

मी हो म्हटलं. तक्ता वाचला होता ना! कोकऱ्यांना लेखी आदेश गेला आणि सोबत चुकीच्या आकड्याबद्दल खुलासा मागणारं पत्रही गेलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला तेवढं पुरतं. त्यानंतर आकडा कधी दहा मिनिटं उशिरा यायचा, कधी पंधरा. साहेब लगेच फोन उचलायचे, त्यामुळे कुणाला फरक जाणवला नाही. पण साहेबांनी फोन उचलला नाही तर काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मीसुद्धा नाही.

बारा वाजून अठरा मिनिटं. मोबाइल पुन्हा उजळला. साहेबांनी तो पालथा घातला.

कोकरे सहसा दुसऱ्यांदा फोन करत नसत. माझा स्वतःचा मोबाइल हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याचंच इंटरनेट घेऊन पडद्यावर तक्ता दाखवत होते आणि मधे फोन आला तर चित्र जाईल म्हणून मी येणारे फोन बंद करून ठेवले होते. प्रात्यक्षिक चांगलं व्हावं म्हणून केवढी ती तयारी!

"साहेबांचा फोन वाजतोय," एवढं मला म्हणायचं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत. पण त्याच वेळी रणवरे साहेब म्हणाले, "मी विचार करतोय, हे सगळ्या जिल्ह्याला लागू करावं. बाई, तुम्ही एक टिपण द्या. तुम्हाला काही अडचणी आल्या का? लोकांचा विरोध?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बेलसरे साहेबांचेही.

"थोडा होता, सर," मी म्हणाले. "आता नाही."

आणि मी बोलत राहिले. विरोध कसा होता, मी तो कसा हाताळला, कोकऱ्यांचं बोट आणि बारीक बटण, मुजावरचाचांचं ते 'ह्यात पाव्हणं बोलत न्हाईत'. लोक हसले. मी हसवत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या पालथ्या मोबाइलच्या कडेने येणारा उजेड बघत होते. येत होता, जात होता. स्वतःला सांगत होते, एक-दीड मीटर असेल, कोकरे घाबरट आहेत, हे वाक्य संपलं की बघते. मग पुढचं वाक्य. तोंड मात्र छान चाललं होतं. मला माझं ते तोंड अजून आठवतं आणि लाज वाटते.

बारा पस्तीसला मी थांबले. "एक मिनिट, सर," म्हणून टोकाला गेले आणि मोबाइल उचलला. पडद्यावरचं चित्र गेलं. कोकऱ्यांचे अकरा फोन येऊन गेल्याचे संदेश त्यावर होते.

मी व्हरांड्यात पळाले. लावला तर त्यांचा फोन लागेना, कारण ते साहेबांना लावत होते. चौथ्या वेळी लागला.

"मॅडम!" त्यांचा आवाज चिरकला होता. "साहेब उचलत न्हाईत, तुमी उचलत न्हाई! तीन चाळीस झालं हो! बाराला तीन चाळीस, आता चार मीटरच्या वर हाय. नुसतं लोंढं येतंय, झाडं येतायत!"

"मामा, भरलं का नाही?"

"साहेबांनी हो म्हटल्याबिगर कसं भरू? सही घेतलीय माझी. आकडा वहीत लिवलाय, फोन कानाला हाय. बारापासनं ह्येच करतोय."

"मुजावरांना सांगितलं का?"

"त्येनला फोन करायचा न्हाई म्हनून तुमीच सांगितलं न्हवं?"

मी व्हरांड्यात उभी राहून स्वतःच तक्त्यात आकडा भरला. दोनदा चुकला. बारा बेचाळीस. तीन चाळीसचा आकडा लाल झाला आणि मुख्यालयातल्या, जगातल्या सगळ्यांना दिसायला लागला. मग मुजावरांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. मी जीपकडे धावले. मागून बेलसरे साहेब बाहेर आले होते. "निमकर, कुठे चाललात? साहेब बसलेत!" मी जीपचं दार ओढून घेतलं.

वेळगाव ते सोनारवाडी चार किलोमीटर. नेमका आठवडी बाजार. टोपल्या, हातगाड्या, रस्त्यात उभी राहून भाव करणारी माणसं. चालक हॉर्नवरून हात काढत नव्हता. मी फोन लावतच होते आणि तो वाजतच होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आता उचलतील आणि म्हणतील, बाहेर हाय मॅडम सगळी. मी मनात नवस बोलले. मी नवस बोलणारी बाई नव्हे.

बंधाऱ्याच्या अलीकडे रस्ता चढतो आणि मग नदी दिसते. चढावरच आवाज आला. पाणी माझ्या पाच मिनिटं आधी येऊन पोचलं होतं.

काठावर चार माणसं ओली, लटपटत उभी होती. पाचवा ओकत होता. मुजावरचाचा चिखलात बसले होते, डावा हात खांद्यापासून लोंबत होता, आणि पाण्याकडे बघून एकाच माणसाला हाक मारत होते. "दशरथ! दशरथ रं!" दशरथ मेंगाळ, चौतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. सगळ्यात पुढच्या खाचेत फळी धरून उभा होता. चाचांनी स्वतः पाण्यात उतरून त्याचा सदरा धरला होता. खांदा निखळेपर्यंत धरला होता. मग सदरा फाटला.

काठावर झाडाच्या फांदीला चाचांची पिशवी टांगलेली होती. पिशवीतला मोबाइल वाजत होता. माझ्या हातातला फोन अजून चालूच होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तो बंद केला आणि पिशवी गप्प झाली.

दशरथ दुसऱ्या दिवशी सकाळी दोन किलोमीटर खाली सापडला.

तक्ता कुणी कधी उघडला याची नोंद तक्त्यातच राहते. ती फक्त बनवणाऱ्याला, म्हणजे मला दिसायची. त्या संध्याकाळी मी ती उघडली. मुजावर, बारा चार. मुजावर, बारा दहा. बारा सोळा. बारा पंचवीस. बारा तेहेतीस. डोंगरावरचं काळं आभाळ बघून त्या माणसाच्या मनात शंका आली होती. दर वेळी काठावर चढून, हात पुसून, चष्मा लावून त्यांनी माझ्या तक्त्याला विचारलं होतं आणि दर वेळी तक्त्याने सांगितलं होतं, वाढ नाही. पाचव्यांदा बघून त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवला आणि काम लवकर उरकावं म्हणून स्वतः पाण्यात उतरले. त्यानंतर नऊ मिनिटांनी मी आकडा भरला. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, पण रडण्याने त्या पाच ओळी पुसल्या जाणार नव्हत्या.

सहा दिवसांनी चौकशी अधिकारी सरकारी दवाखान्यात आले. चाचांच्या खाटेभोवती आम्ही उभे होतो. अधिकारी, लिहून घेणारा लिपिक, पायाशी बेलसरे साहेब, खिडकीशी मी. चाचांचा खांदा पट्ट्यांनी आवळलेला होता आणि सहा दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

"वर आभाळ भरलेलं दिसत होतं ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "मग माणसं बाहेर का नाही काढलीत? तक्ता बघितला होता का?"

"बगितला साहेब. पाच डाव."

"पाच वेळा?" त्यांनी भुवई उंचावली. लिपिकाने लिहिणं थांबवलं.

चाचांनी मान माझ्याकडे वळवली. त्यांच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. फक्त भीती होती, सहा दिवस आणि सहा रात्री साठलेली.

"मॅडम, तुमीच सांगितलं होतं न्हवं, रिकामं म्हंजी वाढ न्हाई? म्या नीट ऐकलं होतं न्हवं? म्या चुकलो न्हाई न्हवं, मॅडम?"

"नाही, चाचा," मी म्हणाले. "तुम्ही चुकला नाहीत. पाच वेळा उघडल्याची नोंद माझ्याकडे आहे. ती मी देते."

त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं.

"मग बाराचा आकडा बारा बेचाळीसला का आला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

आता खोलीत फक्त दोघांना उत्तर माहीत होतं. बेलसरे साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता, ओठ कोरडे. पण मला त्यांच्याबद्दल बोलता आलं असतं. मला बोलता येत नव्हतं ते माझ्याबद्दल. 'आधी फोन, मग आकडा' हा नियम निघाला तेव्हा तो चाचांना सांगायला हवा होता. रिकामा रकाना म्हणजे 'वाढ नाही' असं आता राहिलं नव्हतं, त्याचा अर्थ 'साहेबांनी अजून हो म्हटलेलं नाही' असाही असू शकत होता. हे मला त्याच दिवशी समजलं होतं. मी बंधाऱ्यावर सांगायला निघालेही होते. पण चाचांचा नुकता कुठे विश्वास बसला होता. सांगितलं असतं तर त्यांनी तक्ता मिटून पुन्हा पाव्हण्यांना फोन लावला असता. माझे पेढे वाटून झाले होते. मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरले.

"नवी पद्धत आहे, सर," बेलसरे साहेब हळूच म्हणाले. "डोंगराळ भाग. नेटवर्कचा..."

अधिकारी माझ्याकडे वळले. "तसं होतं का?"

"हो," मी म्हणाले. "कधीकधी अडतं."

लिपिकाने लिहून घेतलं. त्याच्या पेनाचा आवाज मला ऐकू येत होता.

चाचांनी डोळे उघडले. "म्हंजी मशीनच चुकलं," ते म्हणाले, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "मॅडम, तुमी जिवाला लावून घेऊ नका. तुमी तरी काय करनार?"

अधिकारी आणि साहेब गेले तेव्हा दारात एक म्हातारा उभा होता. डोक्याला मुंडासं, हातात केळ्यांची पिशवी. आत यावं की नाही अशा घोटाळ्यात.

"कसं काय, पाव्हणं?" तो दारातूनच म्हणाला.

चाचा उठून बसायला धडपडले. नऊ वर्षांत चेहरा पाहिलेला नव्हता, पण आवाज लगेच ओळखला. "पाव्हणं! या, आत या. असं पायाशी नको, हितं बसा." कोकरे खाटेवर बसले. चाचांनी चांगल्या हाताने त्यांचा हात धरला. "तुमी सहा दिस झोपला नसाल. म्या जानतो. पर ऐका, तुमचं काय न्हाई त्यात. मशीन चुकलं. मॅडमनी आत्ताच सांगितलं साहेबास्नी. इचारा त्येंना."

कोकऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या वहीत बाराचा आकडा बाराला लिहिलेला होता. निवृत्तीला दोन वर्षं होती त्यांच्या. ते नुसते बघत राहिले आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले.

अहवालात 'नवीन सामायिक पद्धतीतील त्रुटी' असे शब्द आले. तक्ता बंद झाला. वही, शिक्का आणि जिना होते तिथेच राहिले. पुढच्या पावसाळ्यापासून ते दोघे पुन्हा दर तासाला फोन करायला लागले. बेलसरे साहेब सन्मानाने निवृत्त झाले.

आज मी त्यांच्याच खुर्चीत बसते. दोन-तीन वर्षांतून एकदा एखादा तरुण अभियंता बैठकीत उभा राहतो, डोळ्यांत चमक, हातात मोबाइल. "सर, मॅडम, सगळी माहिती सगळ्यांना एकाच वेळी दिसेल अशी एक सोय आहे..." तो वाक्य पुरं करायच्या आत कुणीतरी जुना माणूस खुर्चीत मागे रेलतो. "अहो, सोनारवाडीचं माहीत नाही का तुम्हाला? माणूस गेला त्या तक्त्यापायी." मग सगळे माना हलवतात. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "मॅडम तर तिथेच होत्या. विचारा त्यांना."

तो तरुण माझ्याकडे बघतो. आणि मीही मान हलवते.